भाड्याचे घर : दाद मागण्याचा हक्क आणि त्याची मर्यादा

ज्या अल्लाहने माणसाला पृथ्वीवर वसविले आणि घराच्या चार भिंतींत त्याच्यासाठी विसावा ठेवला, त्याची आम्ही स्तुती करतो, आणि ज्यांनी आम्हाला हक्क व कर्तव्य यांतील तोल शिकविला, त्या अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर दरूद व सलाम.

बंधू-भगिनींनो,

सूरह अन्-नहलच्या ८० व्या आयतीत अल्लाहने आपल्या देणग्या मोजताना घराचा आवर्जून उल्लेख केला आहे. माणसाचे घर हे त्याच्यासाठी 'सकन' बनविले, असे तेथे सांगितले आहे. सकन म्हणजे जेथे जीव स्थिरावतो ती जागा. 'सुकून' आणि 'मस्कन' हे शब्द याच धातूपासून आले आहेत. जुन्या दस्तऐवजांत माणसाच्या नावापुढे 'साकिन अमुक गाव' असे लिहीत, तो शब्दही याच कुळातला. घराची देणगी सांगताना अल्लाहने त्याच्या किमतीचा किंवा मालकीचा उल्लेख केलेला नाही. तेथे मिळणाऱ्या शांतीचा केला आहे. म्हणून भाड्याचे घरही त्यात राहणाऱ्यासाठी अल्लाहची तितकीच मोठी देणगी आहे, आणि ते हातातून जाण्याची वेळ येते तेव्हा होणारे दुःखही खरे आहे.

काही काळापूर्वी जुम्याच्या नमाजनंतर शिवणकाम करणारे एक गृहस्थ कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आले. ते कुटुंबासह 'लीव्ह अँड लायसन्स'च्या करारावर एका खोलीत राहत होते. कराराची मुदत संपली, नवा कागद झाला नाही. पण मालक पुढचे चार महिने नेहमीची रक्कम बँकेतून स्वीकारत राहिले. मग एके दिवशी खोली रिकामी करण्याची नोटीस आली आणि पाठोपाठ सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज झाला. आदेश मालकाच्या बाजूने लागला. खोली सोडावी आणि मुदत संपल्यापासून दुप्पट दराने भरपाई द्यावी, असे त्यात होते. या गृहस्थांनी त्या चार महिन्यांत भरलेले पैसे व त्यांची अनामत रक्कम यांचा हिशेब त्यात आलाच नव्हता, कारण बँकेचे कागद त्यांनी वेळेवर हजरच केले नव्हते.

त्यांचे दोन प्रश्न होते. पहिला असा : "घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, निकाल लागला तो अल्लाहची मर्जी समजून सब्र कर. पुढे दाद मागणे हे तवक्कुलच्या विरुद्ध आहे का?" दुसरा प्रश्न त्यांनी आवाज खाली करून विचारला : "एका जाणकाराने सांगितले की, मालकाला पाच लाख रुपये पागडी रोख दिली आणि कायमची भाडेकरूची जागा तोंडी ठरली होती, एवढे शपथपत्रात लिही. प्रकरण काही वर्षे सहज चालेल. मुलांच्या डोक्यावरचे छप्पर वाचविण्यासाठी असे लिहिले तर चालेल का?"

हे दोन प्रश्न त्या एका गृहस्थांचे नाहीत. आपल्या वस्त्यांतील शेकडो कुटुंबांपुढे ते उभे राहतात. म्हणून त्यांची उत्तरे कुरआन व हदीसच्या प्रकाशात पाहू या.

भाड्याचा करार म्हणजे काय?

शरीअतमध्ये भाड्याच्या व्यवहाराला 'इजारा' म्हणतात. खरेदी-विक्रीत वस्तू हस्तांतरित होते. इजाऱ्यात वस्तू मालकाचीच राहते आणि तिचा वापर ठरलेल्या मुदतीसाठी, ठरलेल्या मोबदल्यावर दुसऱ्याला मिळतो. म्हणून फिकहच्या विद्वानांनी मुदत व मोबदला या दोन्ही गोष्टी स्पष्ट असणे आवश्यक मानले आहे. त्या मुदतीपुरता वापराचा हक्क भाडेकरूचा असतो. मालकाला लहर लागली म्हणून तो काढून घेता येत नाही. आणि घराची वास्तू भाडेकरूच्या हाती अमानत असते. मुदत संपल्यावर ती परत करणे त्याच्यावर बंधनकारक असते. सूरह अन्-निसाच्या ५८ व्या आयतीत अमानती त्यांच्या हक्कदारांना पोचविण्याची आज्ञा आहे. मराठीतील 'अनामत' हा शब्द 'अमानत'चेच रूप आहे. म्हणजे दोघांच्याही हाती एकमेकांची अमानत असते : भाडेकरूच्या हाती मालकाचे घर आणि मालकाच्या हाती भाडेकरूचे पैसे.

करार पूर्ण करण्याची आज्ञा सूरह अल-माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे आणि वचनाबद्दल जाब विचारला जाईल, असा इशारा सूरह बनी इस्राईलच्या ३४ व्या आयतीत आहे. मुदतीच्या कराराचे सर्वांत सुंदर उदाहरण सूरह अल-कससमध्ये (आयती २७-२८) आहे. मदयनच्या वृद्ध सज्जनांनी हजरत मूसा (अलै.) यांच्याशी आठ वर्षांच्या कामाचा करार केला आणि दहा वर्षे पूर्ण करणे मूसांच्या इच्छेवर सोडले. आपण यांपैकी कोणतीही मुदत पूर्ण केली तरी आपल्यावर जादती होऊ नये, हे मूसा (अलै.) यांनी तेव्हाच स्पष्ट करून घेतले आणि त्यावर अल्लाहला साक्षी ठेवले. त्यांनी कोणती मुदत पूर्ण केली, असे हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांना विचारण्यात आले, तेव्हा जी अधिक लांब व अधिक चांगली ती, असे उत्तर त्यांनी दिले, हे बुखारीत आले आहे. अडचणीत असलेल्या परदेशी माणसानेही अटी आधी स्पष्ट कराव्यात आणि मग ठरल्यापेक्षा अधिक द्यावे, ही प्रेषितांची रीत आहे. आपण मात्र अनेकदा उलट करतो : सुरुवातीला संकोचाने काही लिहून घेत नाही आणि शेवटी ठरलेलेही देत नाही.

करार मध्येच केव्हा संपतो, याबद्दल मसलकांत काही फरक आहे. हनफी मसलकात दोन पक्षांपैकी एकाच्या मृत्यूने इजारा संपतो आणि खरी अडचण, म्हणजे 'उज्र', निर्माण झाल्यास तो रद्द करता येतो. उदाहरणार्थ, मालकावर असे कर्ज झाले की ती वास्तू विकल्याशिवाय ते फिटणारच नाही. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव ज्या शाफई मसलकाचे आहेत, त्यात मालक किंवा भाडेकरू मरण पावला तरी करार मुदत संपेपर्यंत कायम राहतो. मात्र खोटे कारण पुढे करून करार मोडणे कोणत्याही मसलकात मान्य नाही.

दाद मागणे सब्राच्या विरुद्ध नाही

आता पहिला प्रश्न. एकदा निर्णय झाल्यावर त्याविरुद्ध पुन्हा दाद मागणे गैर आहे काय?

सूरह अल-अंबियाच्या ७८-७९ व्या आयतींत हजरत दाऊद (अलै.) यांच्यापुढे आलेल्या एका वादाचा उल्लेख आहे. काही लोकांच्या शेळ्या-मेंढ्या रात्री दुसऱ्याच्या शेतात शिरल्या आणि पीक उद्ध्वस्त झाले. भाष्यकारांनी लिहिले आहे की, नुकसानभरपाई म्हणून कळपच शेतमालकाला द्यावा, असा निर्णय हजरत दाऊद (अलै.) यांनी दिला. हजरत सुलैमान (अलै.) यांनी दुसरा मार्ग सुचविला : कळपाच्या मालकाने शेत पूर्ववत करून द्यावे आणि तोवर शेतमालकाने कळपाचे दूध व लोकर घ्यावी. असे झाले की दोघांची मालमत्ता दोघांकडे राहते आणि नुकसानही भरून निघते. अल्लाहने या प्रकरणाची नेमकी समज सुलैमानांना दिल्याचे सांगितले, पण त्याच आयतीत दोघांनाही ज्ञान व विवेक दिल्याचेही नमूद केले. पहिल्या निर्णयापेक्षा दुसरा निर्णय अधिक योग्य असू शकतो आणि तसे म्हटल्याने पहिल्या न्यायाधीशाचा अवमान होत नाही, हा धडा यात आहे.

हजरत उमर (रजि.) यांनी हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांना न्यायदानाविषयी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. काल दिलेल्या निर्णयाचा आज फेरविचार केल्यावर सत्य वेगळे दिसले, तर त्याकडे परतण्यात संकोच नको, असे त्यात बजावले आहे. जेथे न्यायाधीशालाच परतण्याची मुभा आहे, तेथे त्याला परतण्याची विनंती करणारा गुन्हेगार कसा ठरेल?

हजरत खौला बिन्ते सअलबा (रजि.) यांचे उदाहरण तर याहून मोठे आहे. पतीने जिहारचे शब्द उच्चारल्याने त्यांचा संसार मोडू पाहत होता. त्या प्रेषितांकडे (स.) आल्या, पहिले उत्तर अनुकूल मिळाले नाही, तरी त्या आपली व्यथा पुन्हा पुन्हा मांडत राहिल्या आणि अल्लाहकडे तक्रार करत राहिल्या. सूरह अल-मुजादलाची सुरुवातच अल्लाहने त्यांचे म्हणणे ऐकले या वार्तेने होते. एका स्त्रीच्या घराचा प्रश्न होता. तिच्या आग्रहाला अल्लाहने बेसब्री म्हटले नाही.

आणि आपले प्रेषित (स.)? एका माणसाचे त्यांच्याकडे येणे होते. तो कठोर शब्दांत मागू लागला, तेव्हा सहाबा त्याच्यावर धावले. ज्याचा हक्क आहे त्याला बोलण्याचा अधिकार आहे, असे सांगून प्रेषितांनी (स.) त्यांना थांबविले आणि त्या माणसाला देण्यापेक्षा चांगले दिले. ही हदीस बुखारीत आहे.

यावरून स्पष्ट होते की, अपील करणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. सब्र म्हणजे जुलूम निमूट सोसणे नव्हे. हक्क मागतानाही जीभ व मन ताब्यात ठेवणे हे सब्र आहे. तेव्हा कायद्याने दिलेल्या वाटा जाणून घेणे हे आपले कर्तव्य ठरते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार भाडेकरूविरुद्ध जागा सोडण्याचा हुकूमनामा झाला, तर मुंबईत लघुवाद न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे आणि इतरत्र जिल्हा न्यायालयात ३० दिवसांच्या आत अपील करता येते. केवळ भाडे थकल्याच्या कारणावरून दावा लावण्यापूर्वी मालकाने लेखी मागणी करून ९० दिवस थांबावे लागते. 'लीव्ह अँड लायसन्स'चे प्रकरण वेगळे आहे. त्यात सक्षम प्राधिकाऱ्याचे समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत शपथपत्रासह बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. आदेश झाल्यावर अपील नसते, मात्र ९० दिवसांत पुनरीक्षण अर्ज करता येतो. स्त्रियांना तसेच उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. आपले कितीतरी बांधव नोटीस कपाटावर ठेवून देतात, मुदत उलटते आणि मग नशिबाला दोष देतात. उंट आधी बांधावा आणि मग तवक्कुल करावे, हीच प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

आगीचा तुकडा

आता दुसरा प्रश्न, जो खाली आवाजात विचारला गेला होता. माणूस ज्या प्रश्नाला आवाज खाली आणतो, त्याचे उत्तर बहुधा त्याच्या मनाने आधीच दिलेले असते.

सूरह अल-बकराच्या १८८ व्या आयतीत एकमेकांची मालमत्ता अन्यायाने खाण्यास मनाई आहे. त्याच आयतीत, जाणूनबुजून दुसऱ्याच्या मालमत्तेचा भाग गिळता यावा म्हणून प्रकरण हाकिमांपर्यंत नेण्यासही मनाई आहे. म्हणजे न्यायालयाची पायरी चढणे पाप नाही. जे आपले नाही हे ठाऊक आहे, ते मिळविण्यासाठी चढणे पाप आहे.

उम्मुल मोमिनीन हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. प्रेषितांनी (स.) सांगितले की, मीही एक माणूस आहे, तुम्ही माझ्याकडे वाद आणता आणि कदाचित तुमच्यापैकी एखादा बाजू मांडण्यात अधिक चतुर असतो. मी जे ऐकतो त्यावर निर्णय देतो. अशा निर्णयाने मी कोणाला त्याच्या भावाचा हक्क दिला, तर मी त्याला आगीचा तुकडाच दिला, असे त्याने समजावे. विचार करा : जेथे निर्णय देणारे स्वतः अल्लाहचे प्रेषित (स.) आहेत, तेथेही न्यायाधीशाच्या निकालाने हराम हलाल होत नाही. मग आपल्या हातातील स्थगितीचा आदेश खोट्याला हलाल कसे करील?

अबू दाऊदच्या संग्रहात या हदीसबरोबर एक प्रसंगही आला आहे. वारसाहक्काच्या वादात दोन माणसे आली होती, दोघांकडेही पुरावा नव्हता. हे शब्द ऐकताच दोघेही रडू लागले आणि प्रत्येकजण म्हणू लागला की, माझा हक्क माझ्या भावाला असो. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सत्याचा शोध घेऊन आपसांत वाटणी करण्यास, चिठ्ठी टाकण्यास आणि एकमेकांना माफ करण्यास सांगितले. आपल्या किती वादांत दोन्ही पक्ष असे रडतात?

शपथपत्राला आपण कागद समजतो. शरीअतच्या दृष्टीने ती शपथ आहे. जो खोटी शपथ घेऊन मुसलमानाचा हक्क हिरावतो, त्याच्यावर जहन्नम अनिवार्य होते, असे प्रेषितांनी (स.) सांगितले, तेव्हा क्षुल्लक वस्तू असेल तरीही का, असे विचारण्यात आले. ज्या झाडाचा मिसवाक होतो त्या अराकची एक फांदी असली तरीही, असे उत्तर मिळाले. (मुस्लिम) आणि घराचा मालक दुसऱ्या धर्माचा असेल तर सूट आहे, असे कोणी समजू नये. ज्याच्याशी करार आहे अशा गैरमुस्लिमावर जुलूम करणाऱ्याविरुद्ध कियामतच्या दिवशी मी स्वतः वादी असेन, असे प्रेषितांनी (स.) फर्माविल्याचे अबू दाऊदमध्ये आहे. ज्या सुनावणीत प्रेषित (स.) आपल्याविरुद्ध उभे असतील, त्या सुनावणीत आपली बाजू कोण मांडणार?

हजरत सईद बिन जैद (रजि.) यांचा प्रसंग मुस्लिममध्ये आहे. जन्नतची खुशखबर मिळालेल्या दहा सहाबांपैकी ते एक. अरवा नावाच्या एका स्त्रीने मदीनेचे हाकिम मरवान यांच्याकडे तक्रार केली की, त्यांनी तिची जमीन बळकावली. हजरत सईद (रजि.) म्हणाले की, जो अन्यायाने वीतभर जमीन घेतो त्याच्या गळ्यात ती सात जमिनींपर्यंत अडकविली जाईल, असे प्रेषितांकडून (स.) ऐकल्यानंतर मी असे कसे करीन? मरवान यांनी त्यांच्याकडे पुरावा मागितला नाही. सईद (रजि.) यांनी दुआ केली की, ती खोटी असेल तर तिची दृष्टी जावी आणि तिच्याच जमिनीत तिला मरण यावे. पुढे ती अंध झाली आणि त्याच जमिनीतील खड्ड्यात पडून मरण पावली. ज्या जागेसाठी खोटे बोलले तीच जागा गळ्यात पडते, हे या प्रसंगातून दिसते.

म्हणून मी त्या गृहस्थांना म्हणालो, "भाई, तुमच्या पिशवीत दोन प्रकारचे कागद आहेत. चार महिने भरलेले पैसे खरे आहेत, अनामत खरी आहे. ते मागण्यासाठी जेथवर जाता येईल तेथवर जा. पण खोली तुमची नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. कराराची मुदत संपली आहे. पागडीची ओळ लिहाल तर आगीचा तुकडा घरात आणाल आणि त्याच घरात मुलांना निजवाल."

घरमालकांनाही दोन शब्द

हा उपदेश फक्त भाडेकरूसाठी आहे, असे मालकांनी समजू नये. आपल्यातील अनेकांनी कष्टाने एखादी खोली घेऊन भाड्याने दिली आहे आणि आज ते मालक आहेत. पावती न देणे, अनामत रोखून धरणे, करार नोंदविण्याचा खर्च वाचविणे, भाडेकरू निघावा म्हणून पाणी किंवा वीज तोडणे, हे सारे जुलूम आहेत. करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी कायद्याने मालकावरच टाकली आहे, आणि कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत (सूरह अल-बकरा : २८२) व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. नुकसान करू नये आणि नुकसानीच्या बदल्यात नुकसानही करू नये, हा प्रेषितांनी (स.) दिलेला नियम आहे. ऐपत असूनही देणे लांबविणे हा जुलूम आहे, असेही त्यांनी सांगितले. तो अनामत अडविणाऱ्या मालकाला आणि भाडे थकविणाऱ्या ऐपतदार भाडेकरूला सारखाच लागू आहे.

पण भाडेकरू खरोखर तंगीत असेल, तर सवड होईपर्यंत मुदत देण्याचा आदेश सूरह अल-बकराच्या २८० व्या आयतीत आहे. विकताना, विकत घेताना व आपला हक्क मागताना मवाळ राहणाऱ्यासाठी प्रेषितांनी (स.) रहमतची दुआ केली आहे. हक्क सोडा, असे ते म्हणाले नाहीत. मागताना मवाळ राहा, असे म्हणाले. खोली परत घेणे मालकाचा हक्क आहे. मुलांची परीक्षा होईपर्यंत थांबणे हा एहसान आहे. आणि पीडिताच्या हाकेपासून भिऊन राहावे, कारण तिच्यात व अल्लाहमध्ये कोणताही पडदा नसतो.

मोहल्ल्याची जबाबदारी

सूरह अल-हुजुरातच्या १० व्या आयतीत आपल्या भावांमध्ये समेट घडविण्याची आज्ञा आहे. वाद न्यायालयात गेल्यानंतरही समेटाचे दार बंद होत नाही. प्रत्येक मस्जिदच्या जमातने दोन-तीन जाणत्या माणसांना या कामासाठी वेळ काढण्यास सांगावे : एक कागद वाचू शकणारा, एक दोन्ही पक्षांचा विश्वास असलेला. मुहाजिर मदीनेत आले तेव्हा अन्सारनी त्यांच्यासाठी आपल्या घरांची दारे उघडली होती. आपण निदान घर सोडावे लागलेल्या कुटुंबाला दुसरी खोली शोधून द्यावी आणि त्यांच्यासाठी जामीन राहावे.

त्या गृहस्थांनी अर्जात पागडीची ओळ लिहिली नाही. बँकेच्या नोंदी जोडल्या, अनामतचा हिशेब मांडला. मोहल्ल्यातील दोघा वडीलधाऱ्यांनी मालकाशी बोलणे केले. शेवटी खोली सोडावीच लागली. पण मुलांची वार्षिक परीक्षा होईपर्यंत सवड मिळाली, भरलेले महिने वजा झाले, दुप्पट भरपाईचा आग्रह मालकांनी सोडला आणि अनामत परत मिळाली. आज ते पूर्वीपेक्षा लहान खोलीत राहतात. मध्यंतरी भेटले तेव्हा म्हणाले की, जागा कमी आहे, पण झोप लागते. 'सकन' म्हणजे हेच नव्हे काय?

बंधू-भगिनींनो, या दुनियेत आपण सारेच मुदतीच्या करारावर राहतो. येथील मुदत संपल्याची सूचना येईल तेव्हा पुढे अपील नाही, पुनरीक्षण नाही आणि स्थगितीही नाही. त्या दिवशी कोणाच्या वीतभर जागेचे किंवा अडविलेल्या अनामतचे ओझे आपल्या गळ्यात नसावे, यासाठी आजच हिशेब नीट करू या.

हे अल्लाह, ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही त्यांना छप्पर दे. आमच्यातील भाडेकरूंना सत्य बोलण्याचे आणि मालकांना दया करण्याचे बळ दे. आम्हाला आमचा हक्क मागण्याची हिंमत दे आणि दुसऱ्याचा हक्क परत करण्याची त्याहून मोठी हिंमत दे. आमची घरे सुकूनची घरे बनव आणि अखेर आम्हाला अशा घरात वसव, जेथून कोणाला कधीही बाहेर काढले जात नाही. आमीन.